बंद हीटरचा शॉक

नंदुरबारच्या बाजारात तो विजेची पॅनेलं जोडणारा पॅनेलवाला अजून सांगत फिरतो, की ती मिरचीवाली बाई भांडखोर आहे. आहेच मी भांडखोर. दुसऱ्यांच्या शेडमध्ये देठ खुडता खुडता स्वतःची शेड उभी केली, ती काही गोड बोलून नाही.

मिरची वाळवायला त्याच्याकडून विजेच्या हीटरचं कपाट करून घेतलं. भावात घासाघीस केली, हेही खरं.

आमच्याकडे काम संपलं की कपाट ओल्या फडक्यानंच पुसतात. कोरडं फडकं फिरवलं तर मिरचीची धूळ उडते आणि अख्खी शेड खोकत बाहेर पळते. त्या दिवशी माझ्याकडे कामाला असलेली मावशी पुसायला वाकली. पूर्वी आम्ही दोघी शेजारी बसून देठ खुडायचो. हीटर बंद, गारही झालेला. तरी फडकं हीटरला टेकताच ती मागे फेकली गेली.

पॅनेलवाल्याला बोलावलं. आल्या आल्या म्हणाला, "बटण चालू राहिलं असेल."

मावशी उसळली, "मी बंद करेल व्हतं! दिवा बी बंद व्हता."

मी बटण बंद करून हीटरच्या उघड्या टोकाला टेस्टर लावला. लख्ख पेटला. या बाबानं बटण वीज आणणाऱ्या फेजच्या तारेत न बसवता परतीच्या न्यूट्रलमध्ये बसवलं होतं. बटण दाबलं की तापणं थांबायचं, वीज मात्र टोकापर्यंत हजर.

तो म्हणाला, "तापत नाही ना? मग बंदच ते. बायकांना कोरड्यानं पुसायला सांगा. आणि ताई, भाव तुम्हीच पाडला होता."

माझं डोकंच फिरलं. "भाव पाडला तो पत्र्याचा, रंगाचा, चाकांचा! न्यूट्रलऐवजी फेज तोडायला जास्त पैसे लागतात का रे?"

मावशीनं ओलं फडकं त्याच्यापुढे धरलं. "बंद शे ना? मंग तूच पुस, भाऊ. तुन्हा हात काय सोनाना शे?"

त्यानं फडकं घेतलं नाही. भिंतीवरचा मेन स्विच पाडायला वळला.

"मेन कशाला?" मी विचारलं. "बंदच आहे ना?"

त्यानं मेन पाडला, पक्कड काढली. फेज बटणातून फिरवली, टोकांवर झाकणं बसवली, वीज गळली की लाइन तोडणारा ब्रेकरही घातला. मेन परत चालू केला, आणि बटण बंद करून मी पुन्हा टेस्टर लावला. पेटला नाही.

मावशीनं तरीही स्वतः जाऊन मेन पाडला, आणि मगच फडकं पिळलं.