पातेल्याचं बूड

"बूड दाखव."

ऑफिसात कुठलीही वस्तू आली की काकूंचं हे पहिलं वाक्य. खुर्ची असो, बरणी असो, कुणाचा बूट असो, आधी उलटं करून बघणार, मग बोलणार.

आमचं ऑफिस अंबरनाथ पश्चिमेला, बेकरीच्या वर, दोन खोल्या. आम्ही वस्तू थ्रीडी स्कॅन करतो. म्हणजे स्कॅनर चहूबाजूंनी फिरवायचा आणि कॉम्प्युटरमध्ये तश्शीच वस्तू बनवायची, मग ती कार्टूनमध्ये नाचते, पळते. एकदम भारी काम! काकू आधी फॅक्टरीत माल तपासायच्या. ती बंद पडली, मग इथे आल्या. माऊसला हात लावायच्या नाहीत, पण त्यांनी हो म्हटल्याशिवाय साधा चमचा पुढे जायचा नाही.

मी नवीन असताना एक बरणी बुडाशिवायच स्कॅन केली. म्हटलं, "काकू, खाली कोण बघतंय?"

"नाचताना पडली की सगळी दुनिया बघेल, बाय."

पडलीच. खाली हे एवढं काळं भोक! सगळे हसले. काकूंनी चहा दिला.

मग एका जाहिरातीला जुनं स्टीलचं पातेलं हवं होतं. काकूंनी घरून आणलं. चकचकीत स्टील स्कॅनरला धड दिसत नाही, म्हणून त्यांनी वरून पावडर थापली. बुडावर कोरलेल्या टिंबांत पावडर बसली आणि एक नाव उठून दिसलं. काकूंचं नव्हतं.

"हे कुणाचं?"

"माझंच. शाळेत पळण्यात पहिली आले, त्याचं बक्षीस. लग्नात नाव बदललं. पातेलं तेवढं राहिलं."

आधार कार्डावरसुद्धा नाही ते नाव. फक्त तिथे.

संध्याकाळी क्लायंटचा मेसेज आला, भांड्यावर कुणाचं नाव नको. मी काकूंकडे बघितलं.

"पुसून टाक. सवय आहे त्याला," त्या म्हणाल्या आणि पुसलेलंच टेबल परत पुसायला लागल्या.

मी नाही पुसलं. त्यांना सांगितलंही नाही. म्हटलं, खाली कोण बघतंय?

आता गुडघ्यांमुळे काकू येत नाहीत, खरवईला मुलाकडे असतात. परवा जाहिरात आली. पातेलं नाचता नाचता धाडकन पडतं, उलटं होतं. नाव मी इथे सांगत नाही, तुम्हीच बघा, पण पापणी लवू देऊ नका. मी तिथेच थांबवून स्क्रीनशॉट काढला, काकूंना पाठवला.

मग उत्तर आलं:

"बूड नीट आलंय."