पडद्यावरचा पांढरा डाग

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. तंजावूरच्या एका स्कॅन सेंटरात मी मशीन चालवायची. मशीनची देखभाल करणाऱ्या कंपनीनं एकदम फर्मान काढलं: कॉम्प्युटरची सिस्टिम बदला, नाहीतर यापुढे दुरुस्तीला माणूस मिळणार नाही. डॉक्टरांच्या मनात नव्हतं, पण इलाज नव्हता. चेन्नईहून इंजिनीअर आला, सीडी घालून नवी सिस्टिम चढवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

तेव्हापासून पडदा बिनसला. मधूनच आडव्या रेघा यायच्या, कधी अर्धा भाग काळा पडायचा. फोन केला की उत्तर ठरलेलं, "नवीन आहे, सवय होईल."

त्याच आठवड्यात आई न्हाणीत घसरून पडली. डोकं आपटलं, उलट्या सुरू झाल्या. रिक्षात घालून मी तिला सेंटरवर आणलं आणि स्कॅन मीच घेतला. पडद्यावर उजव्या कानाच्या वर पांढरा डाग उमटला. रक्त साकळलं की असंच पांढरं दिसतं, हे मला रोजच्या कामानं ठाऊक होतं.

"किती वेळ निजू गं? काय दिसलं?" आईनं आतून विचारलं.

"काही नाही, आई. हलू नकोस."

डॉक्टर आले, पडद्याकडे वाकून त्यांनी डाग पाहिला. मग मला तमिळमध्ये हळू म्हणाले, "ऑपरेशन लागेल असं दिसतं."

तेवढ्यात मला आठवलं, आईच्या आधी लॉरीच्या धडकेतला एक माणूस तपासला होता. त्याचाही डाग इथेच होता. मी तसं सांगितलं. डॉक्टरांनी चित्र बंद करून पुन्हा उघडलं. डाग हलला नाही. आता मात्र माझा धीर सुटला.

"फिल्म काढा," ते म्हणाले. फिल्म थेट मशीनमधून निघायची, या कॉम्प्युटरशी तिचा संबंध नव्हता. ती धुवून होईपर्यंत मी अंधाऱ्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. दिव्यावर धरली तर आईचं डोकं स्वच्छ होतं. आधीच्या माणसाच्या चित्राचा तुकडा पडद्यावर तसाच राहिला होता.

मी खुर्चीत बसले, पण डॉक्टरांचा चेहरा उतरलेलाच होता. "नुसता पडदा पाहून आपण आणखी कुणाला काय सांगितलं?"

सिस्टिम बदलल्यापासूनच्या सगळ्यांच्या फिल्म आम्ही मशीनमधून काढून पाहिल्या. तंजावूरजवळच्या पापनाशमच्या एका निवृत्त शिक्षकांना मेंदूत गाठ असल्याचं सांगून चेन्नईला जायला सांगितलं होतं. त्यांच्या फिल्मवर गाठ नव्हतीच. घरी फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी आईला शेजारणीवर सोपवून मी पहिली बस धरली. वाटभर एकच भीती होती, ते निघून गेले असले तर?

ते ओसरीवर बसले होते. शेजारी बॅग भरून ठेवलेली. मी सगळं सांगितलं, फिल्म दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी धरली, पुन्हा सुलटी केली.

"ही माझीच ना?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच, सर."

त्यांची बायको दारात उभी होती. पुढे होऊन तिनं बॅग उचलली आणि आत नेली. आतून बराच वेळ रडण्याचा आवाज येत राहिला. सर फिल्म हातात धरून तसेच बसून होते.