वाफ्याचा डावा हात

वाफ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दवाखान्याच्या धुलाईखान्यात वाफेच्या इस्त्रीवर तो वीस वर्षं उभा होता, म्हणून वाफ्या. त्याची आईसुद्धा शेवटी शेवटी हेच म्हणायला लागली होती, आता बोल! काम कसं, तर उजव्या हातानं ओली चादर पसरायची, डाव्या हातानं वरचं जड झाकण ओढून खाली आणायचं, भस्सकन वाफ निघाली की हात खाली सोडून द्यायचा. दिवसाला सहाशे चादरी. मनगटापासून कोपरापर्यंत नुसते चट्टे. डॉक्टर म्हणाले, वाफेपासून लांब राहा. आता वाफ्यानं वाफेपासून लांब राहायचं म्हणजे जायचं कुठं?

आणि एवढं मरमर राबून संध्याकाळी हा बाबा तालमीत जायचा, मारामारी करायला! साधी नाही, ती पिंजऱ्यातली. ठोसे चालतात, लाथा चालतात, उचलून आपटलं तरी चालतं. बायको म्हणायची, "अहो, मारच खायचा तर घरी काय कमी आहे?" तो हसायचा. हसायचं म्हणजे काय, ओठ जरासे हलायचे. तेवढंच त्राण उरलेलं.

वय सदतीस. नऊ लढती लढला, त्यातल्या सहा हरला, आणि सगळ्या एकाच तऱ्हेनं. त्याच्याकडे जॅब होता सोन्यासारखा. जॅब म्हणजे पुढच्या, याच्या बाबतीत डाव्या, हाताचा सरळ, छोटा ठोसा. वस्ताद म्हणायचे, "यानं माणूस पडत नाही रे, पण त्याला सुखानं उभंही राहता येत नाही. नाकावर माशी बसते ना, हाकलली तरी परत येते, तसं." पण वाफ्याचा हात जायचा सरळ आणि यायचा कमरेवरून. नुसती ठोसेबाजी असती तर एखाद्या वेळी खपून गेलं असतं. इथं समोरचा त्या उघड्या जागेतून खाली घुसायचा, पाय धरायचा, की वाफ्या पाठीवर. वस्तादांनी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. पण जित्याची खोड!

वस्तादांचे गुडघे गेले होते. सकाळचा वर्ग त्यांच्यानं होईना. एक दिवस म्हणाले, "ही पुढची लढत जिंक, वर्ग तुझा. मग सोड ती वाफ. पण हरलास तर मी काही करू शकत नाही बाबा. दहातल्या सात हरलेल्याकडून कोण शिकेल?"

लढतीला तीन आठवडे उरले होते. वस्ताद गुडघे दाखवायला दवाखान्यात आले आणि सहज धुलाईखान्यात डोकावले. दारात उभं राहून त्यांनी चाळीसएक चादरी पाहिल्या. मग कपाळावर हात मारून घेतला.

"अरे गाढवा! वीस वर्षं तू इथं हात खाली सोडायची तालीम करतोयस! माझ्याकडे दीड तास येतोस, त्यात ही खोड कशी जाणार?"

"मग करू काय, वस्ताद? झाकण तर ओढायलाच लागतं."

"ओढ ना. पण ओढलं की हात सरळ गालाला. प्रत्येक चादरीला."

झालं. सहाशे वेळा झाकण, सहाशे वेळा गाल. दुपारी घड्या घालणाऱ्या मावशीला राहवेना. "दाढ दुखतेय का रे?"

"नाही मावशी, व्यायाम आहे."

"असला कसला व्यायाम बाई! माझा नवरा हिशेब चुकला की असाच बसायचा."

तिसऱ्या दिवशी डाव्या खांद्याचा दगड झाला, उजवा चादरी पसरून आधीच गेलेला. एकही हात डोक्याशी जाईना. बायको सकाळी पोरीच्या वेण्या घालायची आणि मग ह्याचा भांग पाडायची. पोरगी म्हणायची, "बाबांना रिबीन पण लाव." तो डोळे मिटून बसायचा. तेवढीच मिनिटभर झोप.

लढत रविवारी दुपारी होती. समोरचा तेविशीचा, कुस्तीतला, मान ओंडक्यासारखी. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. वाफ्यानं काय केलं, तर काहीच मोठं केलं नाही. कपाळावर एक. छातीवर एक. नाकावर दोन. पोरगं खाली घुसायला वाकलं की हात आधीच घरी, गालाशी आलेला, कोपर आडवं, आणि वाफ्या एक पाऊल बाजूला. मधूनच हात नुसता दाखवायचा, त्यानं डोकं झाकलं की मांडीवर लाथ. लोक कंटाळले. एकजण ओरडला, "अरे, मार ना! टिचक्या काय मारतोस?" वाफ्याची बायको मागे वळली. "मग तुम्ही या ना आत!" तो बसला खाली.

दोन फेऱ्या अशाच गेल्या. पोराचं नाक सुजलं, श्वास तोंडानं चालला. तिसऱ्या फेरीत मात्र वाफ्याचा हात ओल्या चादरीसारखा जड झाला. एकदाच, फक्त एकदाच, तो कमरेशी आला. पोरानं कंबर धरली, उचललं, आपटलं. पुढची चार मिनिटं वाफ्या त्याच्याखाली. खरं सांगू, खालची गादी गार होती, आणि वाफ्याला वाटलं, इथंच पडून राहावं. कुणी उठवू नये. पण डोळ्यांपुढे ते झाकण आलं. त्यानं पोराचे हात छातीशी गच्च धरले, मान इकडून तिकडे फिरवत राहिला. मार खाल्ला, पण हार मानली नाही. घंटा झाली.

दोन फेऱ्या त्याच्या, एक पोराची. पंचांनी त्याचा उजवा हात वर केला, डावा वर जातच नव्हता.

आत कपडे बदलायच्या खोलीत बाकावर तो एक बूट काढून बसला होता, बायको शेजारी उभी. वस्ताद लंगडत आले, डोळे पुसत. "उद्या सहाला ये. वर्ग तुझा."

"उद्या नाही, वस्ताद."

आजवर त्यानं कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. बायको चकित होऊन बघत राहिली.

"उद्या नाही म्हणजे?" वस्तादांनी विचारलं.

"परवा येतो. उद्या मी झोपणार."

वस्ताद घुटमळले. "बरं. परवा. पण साडेपाचला."

"सहाला," वाफ्या म्हणाला, आणि भिंतीला डोकं टेकून तिथंच घोरायला लागला. बायकोनं वस्तादांना खुणेनंच बाहेर घालवलं, खाली बसली आणि त्याच्या दुसऱ्या बुटाची नाडी सोडवायला लागली.