जाळं न टाकलेली जागा

आमच्या सर्वेक्षण-जहाजावर सोनारच्या पडद्यावर माशांचा थवा उमटला की आम्ही सगळे आरडाओरडा करायचो. आमच्या मोहिमेच्या प्रमुख वंदनाताई तायडे तेवढ्या शांतपणे म्हणायच्या, "दारावर थाप पडली म्हंजे पावनाच आला काय? दार उघडून पाहा न!" दार उघडणं म्हणजे जहाजामागून ओढायचं ट्रॉल जाळं सोडणं. आवाजाच्या लहरींवरून खाली काहीतरी आहे एवढंच कळतं. काय आहे, ते जाळं वर आल्यावर. एकदा दाट थवा दाखवत पडदा लालेलाल झाला आणि जाळ्यातून निघाला नुसता जेलीफिशचा लगदा. आमची तोंडं पाहण्यासारखी झाली होती.

ताई अकोल्याकडच्या हिवरखेडच्या, मी अमरावतीच्या राजापेठेतला. आम्ही वऱ्हाडीत प्रेमानं बोललो तरी बाकीच्यांना भांडण वाटायचं. ताईंना बाबांनी मजुरी करून शिकवलं. समुद्र बाबांनी कधी पाहिला नाही, पण फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "झाले का वं माय मासे मोजून?" ताई म्हणायच्या, "अजून नाई बाबा, पोहून राहिले ते!"

त्या मोसमात बाबा अकोल्याच्या दवाखान्यात होते. तब्येत फार बिघडल्याचा निरोप जहाजावर आला, तेव्हा आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता एवढा मोठा थवा समोर होता. जाळं टाकायचं तर निम्मा दिवस जाणार. कप्तानानं निर्णय ताईंवर सोपवला. पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "चाला, बंदराले घ्या."

त्या अकोल्याला पोचल्या तेव्हा बाबा गेलेले होते.

कामावर परतल्यावर ऑफिसातले साहेब म्हणाले, आसपासच्या जाळ्यांत बांगडे निघाले, तर तो थवाही बांगड्यांचाच धरा आणि आकडा भरून टाका. ताईंनी साफ नकार दिला. "म्या पाह्यलं नाई, मी सांगत नाई." त्या वर्षीच्या माशांच्या अंदाजात ती जागा कोरीच राहिली. नंतर त्यांनी किनाऱ्यावरचं काम मागून घेतलं, पुन्हा जहाजावर पाय ठेवला नाही आणि निवृत्त होऊन अकोल्याला गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "मले ना बाबा भेटले, ना मासे." मला त्याचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. अशी चोख माणसं समुद्रावर किती असतात?

यंदा त्याच पट्ट्यात आम्ही जाळं टाकलं. बंदराला लागताच मी फोन लावला. "ताई, तुमच्या जागेवर जाळं भरून बांगडे निघाले!"

"यंदाचे न?"

"हो."

"चांगलं झालं बापू," ताई म्हणाल्या. "पन मले त्या दिवशीचे पाहिजे होते."