सातपाटीहून आणलेली नायलॉनची झोळी

वडिलांच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या, तेव्हा मी सातपाटीला जायचं ठरवलं. साठचं दशक संपत आलं होतं. तारापूरकडे वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथे मी गोदामावर कारकून होतो आणि बोईसरला भाड्याच्या एका खोलीत आम्ही तिघं राहत होतो: मी, बायको आणि वडील. गावी झाडावरून पडल्यापासून वडिलांना कमरेखाली काहीच कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पाठीला वारा लागला पाहिजे.

घरमालकांनी उपाय सांगितला. "जाल्याची झोळी आना सातपाटीवरनं, टांगून निजवायला. पन तिथं आजाराचं नाव काडू नका. नारली पुनव जवळ आली, नवी जाली विनतात. कोल्यांना ते चालत नाय."

बोईसरहून सकाळच्या गाडीने पालघर, स्टेशनबाहेरून शिरगावमार्गे एसटी. सुटे पैसे जवळ ठेवावेत, कंडक्टर वसकतो. पालघरलाच भजी आणि चहा उरकून घ्यावा, कारण तेव्हा पुढे हॉटेल म्हणावं असं काही नव्हतं. रस्ता खड्ड्यांचा, पण दोन्ही बाजूंची भातं इतकी हिरवी होती की मला त्यांचा रागच आला. घरी माणूस कुजत होता.

सातपाटीत हिराबाई नावाची म्हातारी कोळीण ओट्यावर जाळं विणत बसली होती. तिच्याकडे दोन झोळ्या होत्या. एक सुताची, बारीक विणीची, झाडाच्या सालीच्या रंगात बुडवून तपकिरी झालेली. दुसरी नायलॉनची, पातळ दोऱ्याची, चकचकीत.

"कोनासाटी पायजे?" तिने विचारलं.

घरमालकांचे शब्द आठवले. "पोरांसाठी. झोके घ्यायला." मला मूलबाळ नव्हतं.

"मंग नायलॉनची ने. पोरा किती पन कुदली तरी तुटायची नाय. सुताची मऊ हाय, पन दंग्याला टिकायची नाय."

मी शर्ट-पँटसकट नायलॉनच्या झोळीत पडून पाहिलं. मस्त वाटलं. सांगितलेली किंमत मुकाट्याने दिली. गरजवंताला अक्कल नसते.

दुपारी घरी पोचलो. वाशांना झोळी बांधून आम्ही वडिलांना तिच्यात ठेवलं. खिडकीतून त्यांना रस्ता दिसायला लागला. "गार वाटतंय रे," ते म्हणाले. "छान आणलीस." कित्येक महिन्यांनी ते हसले होते.

संध्याकाळी कूस बदलायला घेतली. कमरेखाली दोरा मांसात रुतला होता, दोन ठिकाणी गाठींनी कातडी फोडली होती. त्यांना काहीच कळलं नव्हतं. गोधडी घालावी तर वारा अडणार, मग खाट काय वाईट होती? त्यांना परत खाटेवर ठेवलं, पण जखमा चिघळल्या. सुताची आणायला परत जावं, असं रोज वाटायचं. पण आता उपयोग नाही म्हणून डॉक्टरांनी मान हलवली आणि मी गेलोच नाही.

वडील मात्र रोज विचारायचे, "मला झोळीत का ठेवत नाहीस?" जखमांचं त्यांना सांगवेना. शेवटी म्हणालो, "तुटली."

"एवढ्यात?" ते चिडले. मग म्हणाले, "त्या कोळणीने फसवलं तुला."

मी "हो" म्हणालो. आठवड्याने ते गेले, तेच खरं मानून.