पाहुणीच्या बाटलीचा खर्च

९ फेब्रुवारी १९९८, सोमवार. सहा हजार नऊशे अठरा पेसो पंचाहत्तर सेंटावो. सितिओ मासागाना या वस्तीतल्या एका कुटुंबाचा महिन्याचा सरासरी खर्च एवढा निघाला. फादर सेतोंनी आकड्याखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आणि कागद टेबलापलीकडे निलाकडे सरकवला.

निलाने आकडा दोनदा वाचला.

मनिलातल्या नाल्याकाठची ही चौसष्ट घरे उठवायचे ठरले होते. घरबांधणी खात्याचा नियम सरळ होता. ज्याचा खर्च महिना साडेसहा हजारांच्या आत, तो गरीब, त्याला शहरातच जागा. जो त्याच्या वर गेला, त्याने डोंगराकडच्या नव्या वसाहतीत जायचे. ती बसने तीन तासांवर, आणि तिथे ना गोदी, ना धुणीभांडी. सुनावणी सत्तावीस तारखेला होती. वस्तीची बाजू चर्चचे सामाजिक अभ्यास केंद्र मांडणार होते, आणि त्यासाठीची पाहणी निलाने केली होती.

लिओनिला माकाराएग, वय शेहेचाळीस. बारा वर्षे तिने लोकांचे धुणे धुतले. अक्षर टपोरे आणि घरोघरी ओळख, म्हणून फादरनी तिला केंद्रात घेतले. वस्तीत सगळे तिला 'आते निला' म्हणत, म्हणजे मोठी बहीण. त्या चौसष्ट घरांत एक घर तिचेही होते.

"फादर, हे चूक आहे," ती म्हणाली.

"बेरीज मी तीनदा तपासली."

"बेरीज बरोबर असेल. माणसं चूक आहेत. आमच्याकडे सात हजार कोण खर्च करतो? करत असते तर मी त्यांच्याकडेच धुणं मागितलं असतं!"

फादर हसले नाहीत. "कागदावर अक्षर तुझंच आहे, निला. मी आकडा बदलला तर आपण खोटे ठरू. नाही बदलला तर घरं जातील. चूक कुठे झाली ते शोध. अठरा दिवस आहेत."

दुसऱ्या दिवशी निला कागदांचा गठ्ठा घेऊन चोलेंगच्या दारात उभी राहिली. चोलेंग लहान चणीची, तीन मुलांची आई. तिचा नवरा एडगार्डो सौदीत होता. निलाला पाहताच तिने पदपथापलीकडच्या दुकानाला हाक दिली, "आलिंग बेबांग, एक थंड बाटली आणि बिस्किटं! नावावर मांडा!" मग खुर्ची पुसली, पंखा निलाकडे वळवला. सकाळी काय जेवलात, तर भात आणि तळलेला बांगूस मासा. दुपारी? बांगुसाचाच रस्सा.

बुधवारी निला रिकाम्या हाताने गेली, तर चोलेंग उंबऱ्यात बसून भात मिठाशी खात होती. उठलीसुद्धा नाही.

"आज बाटली नाही का गं?"

"तुला कशाला बाटली? तू काय पाहुणी आहेस?"

"काल होते की."

"काल कागद होते तुझ्या हातात. कागद घेऊन आलीस की पाहुणी, नुसती आलीस की निला. पाहुण्यासमोर काय उपडं भांडं दाखवायचं?"

निला तिच्या शेजारी उंबऱ्यात बसली. आता सगळे उलगडले. पाहणीचा प्रश्न होता, 'आज काय आणले?' आणि केंद्रात उत्तराला तिसाने गुणत. बाटली आणि बिस्किटे मिळून बारा पेसो. म्हणजे तिच्या स्वागताचे महिन्याला तीनशे साठ पेसो तिनेच प्रत्येक घराच्या डोक्यावर चढवले होते. नुसती सांगितलेली, न शिजलेली मासळी तर आणखी वेगळी. कोणी लबाडी केली नव्हती. घरी आलेल्या माणसाचा मान राखला होता, एवढेच.

पुन्हा विचारायला जावे, तर पुन्हा पाहुणी. तिने दुसरा रस्ता धरला. वस्तीत तेल पावशेराने नाही, अर्ध्या पेल्याने मिळते, साबणाची वडी कापून मिळते, आणि ते सगळे आलिंग बेबांगच्या उधारीच्या वहीत लिहिले जाते. ती वही कोणासाठी खुर्ची पुसत नाही.

बेबांग साठीची, विधवा, तोंडाने फटकळ; सगळे तिला 'आलिंग', म्हणजे मावशी, म्हणत. तिने वही मांडीखाली सारली.

"वेडी झालीस? पाद्री कबुलीजबाब बाहेर फोडतो का? या वहीत माझ्या गिऱ्हाइकांची पोटं आहेत."

"त्यांनी सही करून हो म्हटलं तर?"

"चौसष्ट सह्या? तू नगराध्यक्षाची निवडणूक लढवते आहेस का गं?"

"घरं राहिली तर तुमचं गिऱ्हाईक राहील, आलिंग. डोंगरावर कोणाला अर्धा पेला तेल विकाल?"

बेबांगने तोंड वाकडे केले. "सही आण. ज्याची नसेल त्याचं पान उघडणार नाही."

निला घरोघरी फिरली. कोणी लाजले, कोणी भांडले. एकाने सिगारेटी मोजू नका म्हणून अट घातली. ती तिने मान्य केली नाही. राखेच्या बुधवारपर्यंत, म्हणजे सुनावणीच्या दोन दिवस आधीपर्यंत, एक्कावन्न सह्या झाल्या. तेरा घरांनी नाही म्हटले, त्यांत चोलेंग पहिली.

"माझं पान उघडलंस तर सगळ्यांना कळेल, आते."

"काय कळेल?"

चोलेंगने आवाज खाली आणला. "एडगार्डोने सात महिने काही पाठवलेलं नाही. सासू सगळ्यांना सांगते, मुलगा रियाल पाठवतो."

निलाने आग्रह केला नाही. तेरा पाने बंद राहिली. एक्कावन्न पानांची सरासरी, भाडे आणि विजेसकट, पाच हजार तीनशे अकरा पेसो पन्नास सेंटावो निघाली, आणि एकही पान साडेसहा हजारांच्या वर गेले नाही.

सुनावणीला फादरनी दोन्ही पाहण्या जोडल्या, चुकलेलीसुद्धा. त्यांचा तसा हट्टच होता. कपाळावर घामाचे थेंब आलेला अधिकारी दोन्ही कागद उलटून पाहत म्हणाला, "म्हणजे तुमची माणसं खोटं बोलतात."

निला उभी राहिली. "चूक माझी, साहेब. मी कागद घेऊन गेले. तुमच्या घरी मोजणीवाला आला तर बाईसाहेब काय देतील?"

"कॉफी देतील."

"साखरेची? बिस्किटांसकट?"

"अर्थात."

"मग तुम्ही महिनाभर रोज एका परक्याला कॉफी-बिस्किटं देता असं मी लिहू का?"

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसले. अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला, मग वहीच्या प्रतीतली पाने एकेक वाचू लागला. अर्धा पेला तेल. दोन सिगारेटी. एक अंडे.

एक्कावन्न घरे शहराच्या यादीत आली. उरलेल्या तेरांना पुरावा देण्यासाठी एकतीस मार्चपर्यंत मुदत मिळाली.

निलाने दुसऱ्याच दिवशी त्या तेरांची दारे धरली, रिकाम्या हाताने. शिव्या खाल्ल्या, परत गेली, पुन्हा खाल्ल्या. चोलेंगच्या घरी ती रोज जाऊन नुसती बसे. वहीचे नाव काढत नसे. वीस मार्चला चोलेंग आपण होऊन दुकानात आली. सासू मागे उभी होती.

"उघडा माझं पान, आलिंग," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आणि आते, नीट लिही. सात नाही, आता आठ महिने झाले."

सासूने बाकावर बसून रुमालाने वारा घेतला.

मुदतीत अकरा घरांनी सह्या केल्या आणि तीही यादीत आली. दोन घरांनी शेवटपर्यंत केल्या नाहीत आणि ती एप्रिलमध्ये डोंगराकडे गेली. निला त्यांना बसपर्यंत सोडायला गेली होती.

पानांच्या प्रती काढण्याचा खर्च केंद्राने दिला, पण शेवटच्या अकरा घरांच्या प्रती निलाने घाईत स्वतःच्या नावावर उधारीने काढल्या. त्यातले सव्वीस पेसो प्रती काढणाऱ्या दुकानदाराला अजून द्यायचे आहेत.