बुदैयाच्या बाजारातली लांब रोटी

निघाले तेव्हा नागपूरच्या विमानतळावर पोचवायला अकरा माणसं आली होती आणि त्यातली दहा मला एकाच वेळी सूचना देत होती. मोठ्या काकांना बहरीन म्हणजे एखादं जहाज वाटत असावं, कारण ते उलटीच्या गोळ्या देत होते. आई म्हणत होती, डोकं झाक, तिकडं ऊन लई. बाबा तेवढे गप्प होते. आत जायची वेळ झाली तसे जवळ आले आणि म्हणाले, "कोणापुढं वाकू नको. अन् रोज फोन करू नको, बिल येते."

दुसरी सूचना मी काटेकोर पाळली.

पहिलीचं काय झालं ते सांगते. इथं येऊन महिनाही झाला नसेल, एका मराठी घरी हळदीकुंकवाला बोलावणं आलं. यजमानीण बाई गोड बोलत होत्या. नाव विचारलं, सांगितलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. मग त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हं. म्हणजे नक्की कुठले तुम्ही?" कोणी काही वाईट बोललं नाही. वाण मिळालं, फराळ मिळाला. पण तो थांबलेला क्षण मी घरी घेऊन आले आणि पुढची वीस वर्षं नीट जपून ठेवला. त्यानंतर मी 'नागपूरकडची' झाले. मनामाच्या सीफ भागातल्या ऑफिसात माझ्या ईमेलखाली 'वंदना जी.' असं येऊ लागलं. हिंदीवाले सहकारी समजत, बाई स्वतःलाच किती मान देते.

तुम्ही नागपूरला राहिलेले म्हणाल, आपली पोरगी आखातात जाऊन घाबरट झाली. झाली. नईममधल्या आमच्या फ्लॅटमध्ये एप्रिलची जयंती व्हायची ती पडदे ओढून. कोणाची जयंती, हे आपल्या घरात कधी सांगावं लागलं नाही, पण इथं मी ते शेजारच्या भिंतीलाही कळू दिलं नाही. शहरात एका हॉलमध्ये दरवर्षी मोठा कार्यक्रम होतो हे ऐकून होते. गेले नाही. तिथं कोणी ओळखीचं भेटलं तर?

हे सगळं बिघडलं, म्हणजे सुधारलं, ते गेल्या वर्षी जॉर्जियात. आखातातली निम्मी भारतीय मंडळी सुट्टीला जॉर्जियाला जातात, तसे आम्हीही गेलो. विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कुठल्याही गावात देऊळ-किल्ला नको, बाजार पाहिजे. तिबिलिसीत ईस्टरच्या आधीचा बाजार भरला होता. लालभडक रंगवलेली अंडी, आणि बशीत उगवलेले गव्हाचे हिरवे कोंब, अगदी आपल्या घटातल्यासारखे. एक म्हातारी अंडी विकत होती. तिच्यापुढं पुठ्ठ्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या. मी खुणेनं विचारलं, हे काय? तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवून छाती ठोकली, म्हणजे तिचं नाव. दुसऱ्या ओळीवर ठेवून दूर डोंगराकडं हात केला, म्हणजे तिचं गाव. एवढंच. अंड्यांचा भाव कुठंच लिहिलेला नव्हता.

परत येताना विमानात मी विलासला म्हटलं, "मी बुदैयाच्या बाजारात टेबल लावणार."

"कायचं?"

"लांब रोटीचं."

विलास एसी दुरुस्तीच्या कामात सुपरवायझर आहे, मोठ्या बिघाडालाही तो हसत नाही. तेव्हा मात्र बराच वेळ हसला. कारण त्याला माहीत होतं, मला लांब रोटी येत नाही. आईला येते. कणीक इतकी सैल भिजवायची की ती हातावरून वाहायला लागते, मग या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि विस्तवावर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद पसरायची. आमच्या वस्तीत लग्नाला बायका शंभर-शंभर करायच्या. मी शिकले होते ते पुस्तकं.

तर आधी मडकं. इथं आली नावाच्या गावात कुंभारांची जुनी वस्ती आहे, तिथं गेलो. म्हातारे कुंभारबाबा मोडकं हिंदी बोलत होते. "मॅडम, पानी के लिए?"

"नाही, उलटं ठेवून खाली आग."

त्यांनी मडक्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "खलास हो जाएगा."

झालं. पहिलं खलास, दुसरं खलास. विलास म्हणाला, "फोडाले आणतं का मडके तू?" तिसऱ्या खेपेला कुंभारबाबांनाच राग आला. त्यांनी जाड बुडाचं, बिननक्षीचं एक मडकं मुद्दाम माझ्यासाठी घडवलं, भाजलं आणि इंशाल्ला म्हणून हातात दिलं. ते टिकलं.

मग आईचे व्हिडिओ कॉल. "काऊन व माय, एवढी घट्ट भिजवली? पाणी घाल. भिऊन रायली का कणकेले?" माझी पहिली रोटी दंडावर शर्टाच्या बाहीसारखी चढून बसली. माझी लेक यशू, दहावीत आहे, मराठी सगळं कळतं आणि उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणाली, "मम्मा, यू आर वेअरिंग इट." महिनाभर आम्ही फाटक्या रोट्या खाल्ल्या.

बुदैयाच्या बागेत शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. मुळे, टोमॅटो, जरजीरच्या तिखट पाल्याच्या जुड्या, खजूर. यंदा ईस्टरच्या शनिवारी त्यात एक सणांची रांग असणार होती. अनघाताईंनी आपल्या नावावर टेबल घेतलं होतं आणि मला अर्ध्यात बोलावलं. पुण्याच्या आहेत, बँकेत मोठ्या पदावर, मनानं चांगल्या. माझ्या यशूला गणित त्यांनीच शिकवलं. मी त्यांना पाटीवर काय लिहिणार ते दाखवलं: वंदना गजभिये, नागपूर. लांब रोटी. जयंतीच्या आठवड्यानिमित्त. आणि खाली अंथरायला निळं कापड.

"अगं, हे कशाला?" त्या म्हणाल्या. "'महाराष्ट्रीयन स्प्रिंग' लिहू की. मी गुढी आणते. छान फोटो येतील. ते निळं वगैरे उगाच पॉलिटिकल वाटतं. इथं कोणाला काय कळणार आहे?"

पाडवा होऊन कितीतरी दिवस झाले होते. गुढीला तिथी चुकलेली चालत होती, निळं कापड मात्र चालत नव्हतं.

"कळणार नसेल तर असू द्या की, ताई."

"वंदना, फॉर्म माझ्या नावावर आहे ना, म्हणून सांगते."

मी हो म्हणाले. वीस वर्षांची सवय. घरी येऊन निळं कापड घडी करून कपाटात ठेवलं. यशू दारात उभी होती. "सो वी आर हायडिंग अगेन?" तिनं विचारलं. मी तिला कधीच सांगितलं नव्हतं की आपण लपतो आहोत. पडदे ओढताना वाटायचं, पोरीला काय कळतंय.

मी तिथंच उभ्या उभ्या बाजार भरवणाऱ्या मार्गारेटबाईंना फोन केला. वेगळं टेबल हवं म्हटलं. त्या म्हणाल्या, एकच कोपरा उरलाय, शेणखताच्या पोत्यांशेजारी. म्हटलं, यल्ला, चला, द्या. मग अनघाताईंना कळवलं. त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

तर शनिवारी सकाळी असं दृश्य: रांगेच्या मध्यावर अनघाताईंची गुढी, तिच्या बाजूला वाळक्या फांदीवर रंगीत अंडी टांगणारी फिलिपिनो बाई, आणि टोकाला खताच्या वासात मी, निळ्या कापडावर, पुढं मडकं, मागं विलास गॅस सांभाळत. पहिल्या दोन रोट्या फाटल्या. तिसरी कोपरापर्यंत आली, मडक्यावर पडली आणि फुगली. बघायला लोक थांबले. इंग्रज, बहरिनी, मल्याळी. यशू वांग्याच्या भाजीच्या वाट्या भरत सगळ्यांना पाटी वाचून दाखवत होती, आडनावासकट, आणि "जयंती म्हणजे काय" याचं उत्तर माझ्यापेक्षा नीट देत होती.

अकराच्या सुमाराला गर्दीतून एक माणूस पुढं आला आणि पाटीसमोर थिजला. प्रमोद. आमच्याच ऑफिसातला, अकाउंट्सचा, आठ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर. 'प्रमोद के., अमरावती साइड.'

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही?"

"हो. तुम्ही?"

"खोब्रागडे," तो म्हणाला. मग घसा खाकरून, जरा मोठ्यानं, "प्रमोद खोब्रागडे. जयभीम, ताई."

मी कणकेच्या हातांनीच हात जोडले. आठ वर्षं आम्ही एकाच प्रिंटरपाशी उभं राहून हवामानावर बोललो होतो. एप्रिलमध्ये दोघंही एकाच दिवशी रजा टाकायचो, तो 'पर्सनल' लिहायचा, मी 'मेडिकल'. हॉलमधल्या कार्यक्रमाला तोही जात नव्हता. का, तर कोणी ओळखीचं भेटेल. मी हसायला लागले ती थांबेनाच, आणि एक चांगली रोटी मडक्यावर करपली.

दुपारी अनघाताई आल्या. ताट घेऊन उभ्यानं खाल्लं. दुसरी रोटी मागितली. "सुरेख झालीय गं," म्हणाल्या. मग कापडाचं टोक चिमटीत धरून, "पण हे नसतं तरी चाललं असतं."

"चाललं असतं, ताई," मी म्हटलं. "वीस वर्षं चाललंच की."

त्यांनी ताट पुढं केलं. तिसरी रोटीही घेतली. आमचं बोलणं पूर्वीसारखं राहील का, मला ठाऊक नाही. नाही राहिलं तर नवं काही तरी राहील.

तुम्हा तिकडच्यांना, आणि माझ्यासारख्याच दूर गेलेल्यांना, एवढंच लिहायचं होतं. मी वीस वर्षं समजत होते की घर तिकडं आहे आणि इथं नुसता रेसिडेन्स परमिट आहे. म्हणून इथं दबून राहिलं तरी चालतं, पाहुण्यांनी काय आवाज चढवायचा. तसं नसतं. जिथं पडदे उघडे ठेवून दिवा लावता येतो तिथं आपलं घर असतं, आणि पडदे आपल्याच हातात होते. पुढच्या वर्षी हॉलमध्ये रोट्या मी करणार आहे, प्रमोदच्या बायकोनं मडकं मागवलंय.

तेव्हा फोनवर मला आता "घरी कधी येतं?" असं विचारू नका. "नागपूरले कधी येतं?" असं विचारा. मेमध्ये येते. घरी तर मी आहेच.